चांदणी कोरलेला चेंडू

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, नाहीतर या विषयावर मी चारचौघांत तोंड उघडत नाही. गेली पंचवीस वर्षं सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपास राहतोय. मंडळाच्या गणपतीत प्रसादाच्या रांगेत उभा असलो तरी इथेच वाढलेला कुणाचा तरी मुलगा विचारतोच, "काका, बॅरी बाँड्सला हॉल ऑफ फेममध्ये घ्यायला हवं होतं ना?"

हवं होतं. हॉल ऑफ फेम म्हणजे बेसबॉलमधल्या थोरांचे फलक लावलेलं सन्मानाचं संग्रहालय, आणि बाँड्स म्हणजे इथल्या संघाचा फलंदाज, ज्याच्यावर स्टिरॉइड, म्हणजे ताकद वाढवणारी औषधं, घेतल्याचा आरोप आहे. तो धुतल्या तांदळासारखा आहे असं मात्र माझं मुळीच म्हणणं नाही.

2001 च्या उन्हाळ्यात ऑफिसातल्या लोकांनी मला पहिल्यांदा सामन्याला नेलं. बेसबॉलमधलं मला ओ की ठो कळत नव्हतं. उजव्या बाजूच्या भिंतीपलीकडे थेट खाडीचं पाणी, आणि त्यात लोक छोट्या होड्या घेऊन, हातात जाळी धरून बसलेले. कशासाठी? तर बाँड्सने मारलेला चेंडू पाण्यात पडला की उचलायला. त्या हंगामात त्याने 73 होम रन, म्हणजे आपल्या षटकारासारखे थेट भिंतीपार जाणारे फटके, मारले. एका हंगामातला तो विक्रम अजून तुटलेला नाही. त्याचा दंड आणि मान पाहून शेजारचा सहकारी डोळा मारून हसला होता. म्हणजे सगळ्यांना सगळं ठाऊक होतं.

पुढे स्टिरॉइडची चौकशी झाली, तेव्हा आपल्याला दिलेलं औषध जवसाचं तेल वाटलं म्हणून घेतलं, अशी त्याची साक्ष बाहेर आली. जवसाचं तेल! आमच्या आजीने जन्मभर जवसाची चटणी खाल्ली, तिचा दंड काही फुगला नाही. खटला झाला, न्यायात अडथळा आणल्याबद्दल 2011 मध्ये दोषी ठरला, 2015 मध्ये तोही निकाल रद्द झाला. खेळाच्या नियमांखाली त्याच्यावर एकदाही बंदी आली नाही.

हॉल ऑफ फेम न्यूयॉर्क राज्यातल्या कूपर्सटाउन नावाच्या छोट्याशा गावात आहे. खेळाडूची निवड मुख्यतः बेसबॉलवर लिहिणारे पत्रकार करतात. 75 टक्के मतं लागतात आणि दहा वर्षं संधी मिळते. निवडीच्या नियमांत सचोटी आणि चारित्र्य हे शब्द आहेत. 2022 च्या शेवटच्या संधीत बाँड्सला 66 टक्के मिळाले, तसाच आरोप असलेल्या पिचर (म्हणजे गोलंदाज) रॉजर क्लेमेन्सला 65. त्याच वर्षी डेव्हिड ऑर्टिझ पहिल्याच फेरीत आत गेला. 2003 च्या गुप्त औषध-चाचणीत सापडलेल्यांच्या यादीत त्याचं नाव असल्याचं 2009 मध्ये वर्तमानपत्रात आलं होतं. त्याने ते कायम नाकारलं, आणि ती चाचणी चुकलेली असू शकते असं खुद्द कमिशनर, म्हणजे बेसबॉलचे कारभारीही म्हणाले. ठीक आहे. पण मग संशयाचा फायदा हसतमुख माणसालाच का? बाँड्स पत्रकारांशी तुसडेपणाने वागायचा, हे त्याला किती टक्क्यांना पडलं असेल?

मला राग याच पत्रकारांचा येतो. 1994 च्या खेळाडूंच्या संपानंतर प्रेक्षक रुसले होते. 1998 मध्ये मार्क मॅग्वायर आणि सॅमी सोसा होम रनच्या शर्यतीत उतरले आणि मैदानं पुन्हा गजबजली. मॅग्वायरच्या लॉकरमध्ये एका बातमीदाराला स्नायू वाढवणाऱ्या गोळ्यांची बाटली दिसली. त्याने ते छापलं, तर 'दुसऱ्याच्या कपाटात डोकावतो' म्हणून शिव्या त्यालाच पडल्या! तेव्हा बेसबॉलमध्ये त्या गोळ्यांवर बंदी नव्हती. शिक्षा होईल अशा चाचण्या 2004 पासून सुरू झाल्या. आणि त्या सगळ्या काळात खेळाचा कारभार ज्याच्या हातात होता तो कमिशनर, बड सेलिग? त्याचा फलक हॉल ऑफ फेममध्ये 2017 मध्ये सन्मानाने लागला.

गेलॉर्ड पेरी या पिचरची तर गंमतच. चेंडूला थुंकी, व्हॅसलीन फासून टाकायचा. आपल्याकडे चेंडू कुरतडतात, त्याची ही चुलत भावंडं. 1920 पासून बंदी असलेला प्रकार त्याने केला आणि कबूलही केला. 1991 मध्ये आत. लोक अजून कौतुकाने सांगतात.

म्हणून माझी रेघ 2004 ला आहे. नियम आणि शिक्षा ठरल्यावर जे पकडले गेले, त्या मॅनी रामिरेझ आणि अ‍ॅलेक्स रॉड्रिगेझबद्दल मला ममत्व नाही. त्याआधीच्यांना आत घ्या आणि फलकावर सगळं स्पष्ट लिहा.

बायको मात्र इथे मला अडवते. ती म्हणते, ज्याने काहीच घेतलं नाही आणि म्हणून ज्याला मोठ्या संघात जागाच मिळाली नाही, त्या पोराचा फलक कुठे लावणार? यावर मी गप्प बसतो. पंचवीस वर्षांत उत्तर सुचलेलं नाही.

पत्रकारांच्या मतदानात राहून गेलेल्यांचा फेरविचार करणाऱ्या सोळा जणांच्या समितीपुढे डिसेंबर 2025 मध्ये बाँड्स आणि क्लेमेन्सचं नाव पुन्हा आलं. दोघांनाही पाच मतंसुद्धा पडली नाहीत.

बाँड्सने 2007 मध्ये कारकिर्दीतला 756 वा होम रन मारून आधीचा विक्रमवीर हँक एरनला मागे टाकलं. तो चेंडू एका फॅशन डिझायनरने साडेसात लाख डॉलरला घेतला, त्याचं काय करावं यावर इंटरनेटवर लोकांची मतं मागवली आणि लोकांच्या कौलाप्रमाणे त्यावर चांदणी (*) कोरून तो कूपर्सटाउनला धाडला. विक्रमापुढे चांदणी म्हणजे 'खाली टीप वाचा'. संग्रहालयाने तो ठेवूनही घेतला.

हे सांगितलं की रांगेतला मुलगा विचारतो, "म्हणजे चेंडू आत, आणि मारणारा बाहेर?" तोवर मागचे लोक "काका, सरका पुढे" म्हणून ओरडत असतात.