करवत, काडेपेटी आणि प्रेअरी

फेब्रुवारी, शनिवार

आईला अमेरिकेतून फोनवर सांगितलं, सकाळभर इथल्या जंगलात स्वयंसेवक म्हणून झाडं तोडत होते. साताऱ्यात क्षणभर शांतता. मग, "अगं, लोक झाडं लावायला जातात. तोडायला कोण जातं, तेही फुकट?"

शाळेच्या भिंतीवरचं 'झाडे लावा, झाडे जगवा' वाचत मोठी झालेली मी. पहिल्यांदा हातात करवत घेतली तेव्हा मलाही पाप करतोय असंच वाटलं होतं. पण बकथॉर्न हे झाडच तसं आहे. एकोणिसाव्या शतकात लोकांनी ते कुंपणासाठी युरोपातून आणलं, आणि पक्ष्यांनी फळं खाऊन ते जंगलभर नेलं. बाकीची झाडं पानं गाळून मोकळी होतात तेव्हाही, पार नोव्हेंबरात, हे हिरवंगार असतं. त्याच्या गडद सावलीत ओकची रोपं वर येत नाहीत आणि वसंतातल्या रानफुलांना ऊन मिळत नाही. नुसतं कापलं तर बुंध्यातून नवे धुमारे फुटतात, म्हणून कापल्या कापल्या बुडख्याला औषध लावावं लागतं. ते काम प्रशिक्षण घेतलेल्यांचं. आम्ही बाकीचे फांद्या ओढतो, ढीग रचतो आणि पेटवतो. बर्फात उभं राहून शेकोटी घेताना वाटतं, या कामाची मजुरी हीच.

आईला यातलं अर्धंच सांगितलं. बाकीचं मेमध्ये ती इथे आल्यावर.

एप्रिल

आज स्प्रिंगब्रुक प्रेअरीचा, म्हणजे इथल्या राखीव गवताळ माळाचा, एक पट्टा जाळला. आगीचे खास कपडे घातलेली पथकातली माणसं हातातल्या कंदिलासारख्या यंत्रातून जळतं तेल टाकत पुढे जात होती. कडेनं पाण्याच्या गाड्या. मी बरीच लांब, रस्त्यावरून बघत होते. साताऱ्यात उन्हाळ्यात डोंगराला वणवा लागला की पोटात गोळा यायचा. पोरं फांद्या घेऊन विझवायला धावायची, वनखातं जाळरेषा काढायचं. इथे सरकारी माणसं वाऱ्याची दिशा बघून, परवानग्या काढून आग लावतात.

आणि त्याला कारण आहे. प्रेअरीच्या गवतांचे कोंब जमिनीच्या आत सुरक्षित असतात, काहींची मुळं तर दहा-पंधरा फूट खोल. वरचं वाळलेलं जळून जातं, घुसखोर झुडपं मरतात, काळ्या झालेल्या जमिनीला ऊन लवकर लागतं. पोटावाटोमी लोक इथे राहत होते तेव्हा तेही अशी आग लावत. १८३३च्या तहानंतर त्यांना इथून पश्चिमेला हुसकावलं. १८३७मध्ये याच इलिनॉयमध्ये जॉन डियरने पोलादी नांगर बनवला, आणि चिकट काळी माती नांगराला शरण आली. राज्यात एके काळी सुमारे दोन कोटी वीस लाख एकर प्रेअरी होती. अस्सल म्हणावी अशी आता जेमतेम अडीच हजार एकर उरली आहे. गाड्यांच्या नंबरप्लेटवर लिंकन आणि राज्याचं टोपणनाव मात्र 'प्रेअरी स्टेट'!

मे

आई आली. जेटलॅग उतरायच्या आत तिला गार्लिक मस्टर्ड हे घुसखोर तण उपटायला नेलं. पान चुरगाळून वास घेतला आणि म्हणाली, "लसूण! याची चटणी होईल की गं." होते, युरोपातून आलेल्यांनी ते खाण्यासाठीच तर आणलं होतं. पण उपटलेलं सगळं पिशव्यांत भरून तिथेच द्यावं लागतं, कारण फुलावर आलेलं रोप उपटून टाकलं तरी बी धरू शकतं. आईला हे लगेच पटलं. आपल्याकडच्या गाजरगवताशी तिचं जन्माचं वैर आहे, आणि ते मूळचं अमेरिका खंडातलं. म्हणजे हिशेब तसा फिटला म्हणायचा.

जाळलेला पट्टा आता पोपटी झाला होता. आई बराच वेळ बघत राहिली. "हा राबच की," म्हणाली. तिचं माहेर जावळीतलं. भाताच्या रोपासाठी पालापाचोळा टाकून जमीन भाजायची, हे तिनं लहानपणी हातानं केलेलं. मला इथल्या स्वयंसेवकांनी इतकं समजावून सांगितलं, ते तिला एका नजरेत कळलं.

जुलै

बोबोलिंक दिसला! पाठ पांढरी, पोट काळं, उलटे कपडे घातल्यासारखा. हा चिमुकला पक्षी अर्जेंटिनापर्यंत जातो आणि परत येतो. कंपास प्लांट माझ्या डोक्याच्या वर गेलाय. त्याची पानं उत्तर-दक्षिण धार धरून उभी असतात. आईनं फोनमधलं होकायंत्र काढून खात्री केली.

नंतर ब्लॅकवेल या राखीव जंगलात माउंट हॉय चढलो. आमची ड्यूपेज काउंटी, म्हणजे शिकागोजवळचा जिल्हा, इतकी सपाट की हा त्यातल्या मोठ्या डोंगरांपैकी एक, आणि तो कचऱ्याचा आहे. साठ-सत्तरच्या दशकात कचरा आणि चिकणमाती रचून केलेला. पुढे जमिनीतल्या प्रदूषणामुळे तो केंद्र सरकारच्या सुपरफंड यादीतही, म्हणजे साफ करायच्या प्रदूषित जागांच्या यादीत, गेला. आता हिवाळ्यात पोरं त्यावरून ट्यूबवर बसून घसरतात. आई म्हणाली, "अजिंक्यताऱ्याला नावं ठेवू नकोस आता." मी कधी ठेवली होती?

ऑक्टोबर

आई परत गेली. आम्ही बी गोळा करतोय, बिग ब्लूस्टेम आणि इतर गवतांचं. हे बी याच परिसरातल्या जमिनींवर जातं.

ही राखीव रानं सांभाळणारा ड्यूपेजचा फॉरेस्ट प्रिझर्व्ह विभाग १९१५चा, त्याच्याकडे सुमारे २६,००० एकर जमीन आहे. मराठी कुटुंबं सायकली घेऊन, डबे घेऊन तिथे येतात, फोटो काढतात, छान. करवत घेऊन येणारी मात्र मोजकीच. इथल्या मराठी मंडळाच्या पुढच्या सहलीला पोहे खाऊन झाले की तासभर सगळ्यांना बकथॉर्नला लावायचं, असं मी सुचवलंय. उत्तर आलं, "मुलांना ॲक्टिव्हिटी म्हणून चांगलं आहे." मुलांना! ढीग ओढायला मला बाप्ये हवेत.

घरी वेगळीच लढाई. मागच्या लॉनचा तुकडा खणून मिल्कवीड हे इथलं रानझाड लावायचंय. नवऱ्याचा प्रश्न, शेजारी काय म्हणतील. शेजारची बाई तीन दिवस आधीच विचारून गेली, बी उरलं तर मलाही देशील का.