चाळकेवाडीचा सरडा, कोयनेचं पाणी आणि एक वीजबिल

चाळकेवाडीच्या सड्यावर गाडी थांबवली तेव्हा सकाळचे साडेआठ झाले होते आणि रस्त्याकडेची पवनचक्की बंद होती. मामा उतरले, कमरेवर हात ठेवून वर बघत राहिले. “जुनी आहे. साडेतीनशे किलोवॅटची असंल,” म्हणाले. वीज खात्यात लाइनमन म्हणून त्यांची सगळी नोकरी कराड-पाटण पट्ट्यात गेली. निवृत्तीला बरीच वर्षं झाली, पण खांब दिसला की त्यांची मान अजून आपोआप वर होते.

मेचा पहिला आठवडा. साताऱ्याहून बोगदा ओलांडून, सज्जनगडाचा फाटा मागे टाकून आम्ही वर आलो होतो. ठोसेघरचा धबधबा या दिवसांत नुसता काळा कडा असतो, तिथं थांबलोच नाही. मला सडा बघायचा होता, आणि सड्यावरचा सरडा.

सडा म्हणजे जांभ्या कातळाचं सपाट पठार. उन्हाळ्यात इथं पाहुणा उभा राहिला तर म्हणेल, काहीच नाही इथं. वाळकं गवत, दगड आणि वारा. सरकारी कागदात अशा जागेला ‘पडीक’ म्हणतात, आणि तो शब्द मला फार खटकतो. अर्धा तास एका जागी गप्प बसलं की ‘पडीक’ जमीन हलायला लागते. एका दगडावर बोटभर उंचीचं काहीतरी चढलं, मागच्या पायांवर ताठ झालं आणि गळ्याखाली पंखा उघडला. निळा, काळा, नारिंगी. मिटला, पुन्हा उघडला. मादीसाठी आणि शेजारच्या दगडावरच्या नरासाठी, एकाच वेळी दोघांना दिलेला निरोप.

मामांनी असले सरडे आयुष्यभर बघितले होते, पण त्याला नाव आहे हे त्यांना माहीत नव्हतं. नाव ऐकून ते खुलले. २०१६ मध्ये संशोधकांनी या सरड्यांची नव्यानं मांडणी केली, तेव्हा प्रजातीच्या गटाला नाव दिलं ते आपलंच, ‘सरडा’. चाळकेवाडीच्या पठारावरचा हा ‘सरडा सुपर्बा’. जगभरच्या शास्त्रीय ग्रंथांत आता हा मराठी शब्द लॅटिनच्या शेजारी बसला आहे.

याच सड्यावर बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या संशोधकांनी काम केलं आणि ते २०१८ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यांनी पवनचक्क्या असलेला भाग आणि नसलेला भाग यांची तुलना केली. पवनचक्क्यांच्या भागात कापशी, तीसा असे शिकारी पक्षी जवळपास चौपट कमी दिसले. शिकारी गेले म्हणून सरडे वाढले. वाढले आणि निर्धास्त झाले: माणूस जवळ आला तरी लवकर पळेनात. गर्दी झाल्यामुळे खाण्याची ओढाताण आली, आणि नरांच्या गळ्याचा रंग फिका पडला. पाती फिरतात आकाशात आणि रंग उतरतो दगडावरच्या सरड्याचा, इतकी ही जमीन एकमेकांत गुंतलेली आहे.

मी पवनचक्क्यांच्या विरोधात नाही, हे इथंच सांगून टाकते. कोळशाची राख मी चंद्रपुरात बघितली आहे, ती बघितलेला माणूस वाऱ्याला नाही म्हणू शकत नाही. पण ‘स्वच्छ’ हा शब्द चिमणीतून काय बाहेर पडतं यावर थांबतो. जमिनीवर काय झालं हेही त्याच वहीत लिहिलं पाहिजे.

तेवढ्यात गुरं घेऊन एक आजोबा आले. मामांनी तंबाखू पुढं केली आणि बोलणं सुरू झालं. “पंखं आलं तवा वाटलं गावात दिवाळी हुणार,” आजोबा म्हणाले. “रस्ता झाला, ही गोष्ट खरी. दोन-चार पोरं रखवालीला लागली. पण जमीन दिली ती गेली. आता गुरं फिरवायची तर इकडनं तिकडनं वाट काढाया लागती.” बंद पवनचक्कीकडे हात करून त्यांनी विचारलं, “ही काढून न्यायची कुणी?” मामांकडे उत्तर नव्हतं.

प्रश्न मोठा आहे. या पठारावर आणि पलीकडे, सातारा जिल्ह्यातल्याच वनकुसवड्याला पवनचक्क्या आल्या त्या नव्वदच्या दशकाच्या शेवटी आणि पुढच्या काही वर्षांत. तेव्हाच्या यंत्रांचं आयुष्य आता संपत आलं आहे. वाऱ्याचं गणित असं, की वेग दुप्पट झाला तर ताकद आठपट होते. म्हणून पहिली यंत्रं चांगल्या वाऱ्याच्या जागा शोधूनच लावली, आणि आता राज्यातल्या सर्वांत चांगल्या वाऱ्याच्या जागांवर सर्वांत जुनी, बुटकी यंत्रं अडून बसली आहेत. ती उतरवून तिथं मोजकी, मोठी यंत्रं उभारायची, यासाठी केंद्रानं डिसेंबर २०२३ मध्ये सुधारित धोरण आणलं. मला यात आशा दिसते. यंत्रं कमी झाली तर सड्यावरचे रस्ते आणि चबुतरेही कमी करता येतील, कापशीला थोडं आकाश मोकळं मिळेल. मात्र हे धोरण राबवताना कुणीतरी त्या आजोबांच्या प्रश्नालाही एक ओळ द्यायला हवी.

दहाच्या सुमाराला वारा उठला आणि लांबची मोठी यंत्रं एकेक करून फिरायला लागली. “जूनमध्ये ये,” मामा म्हणाले. “नैर्ऋत्येचा वारा लागला की इथं उभं राहवत नाही. वर्षाची निम्म्याहून जास्त कमाई पावसाळ्यातच.”

उंब्रजवरून पाटणला पोचलो, मुक्काम केला. वाटेत करवंदं घेतली, पळसाच्या पानाच्या द्रोणात. बाकी त्या दिवसाचं सांगण्यासारखं काही नाही.

दुसऱ्या दिवशी कोयनानगर. गाडीत मामा गप्प होते आणि मीही त्यांना बोलतं केलं नाही. त्यांचं गाव शिवसागराच्या, म्हणजे कोयना धरणाच्या तलावाच्या, पाण्याखाली आहे. धरणात पाणी अडवलं तेव्हा ते चार वर्षांचे होते. आजी-आजोबांना जमीन मिळाली ती सांगली जिल्ह्यातल्या दुष्काळी माळावर. भाताच्या खाचरात वाढलेली माणसं, तिथं ज्वारीच्या रानात उभी राहून रडली, असं आई सांगायची. त्या जमिनीचा सातबारा नावावर व्हायला किती हेलपाटे घातले, ते आजोबा शेवटपर्यंत मोजत राहिले. मामांना प्रकल्पग्रस्ताच्या दाखल्यावर नोकरी लागली. गाव गेलं त्या विजेचीच नोकरी. याबद्दल ते कधी कडवट बोललेले मला आठवत नाहीत, आणि मला ते अजून उलगडलेलं नाही.

कोयना मुळात पूर्वेला जाणारी नदी. महाबळेश्वरात उगवते, दक्षिणेला वाहते, हेळवाकजवळ वळून कराडला कृष्णेला मिळते. धरणानं तिला उलटं फिरवलं. सह्याद्रीच्या पोटातून बोगदे काढून पाणी पश्चिमेला कोकणात सोडलं, चारशे-पाचशे मीटर खाली, पोफळीच्या भूमिगत वीजघरात. तिथून कोळकेवाडीच्या धरणात, पुन्हा वीज, मग वाशिष्ठी नदीतून समुद्र. सगळे टप्पे मिळून १९६० मेगावॅट. चौथ्या टप्प्यासाठी १३ मार्च १९९९ ला तलावाच्या तळाशी स्फोट करून बोगदा थेट पाण्याला जोडला, आशियात पहिल्यांदा.

धरणाची क्षमता १०५ टीएमसीच्या (अब्ज घनफुटांच्या) वर, पण पश्चिमेला वळवायचं पाणी कृष्णा पाणीवाटप लवादानं ६७.५ टीएमसीला बांधून दिलं आहे. हिशेबाचं वर्ष १ जूनला सुरू होतं. पाऊस कमी झाला की मेमध्ये ओढाताण होते: वीज करायची, की पूर्वेकडच्या सिंचनाला सोडायचं? आणि पूर्वेला टेंभूची उपसा योजना कृष्णेचं पाणी उचलून सांगलीच्या दुष्काळी तालुक्यांत नेते. त्या पाण्यात कोयनेचा वाटा आहे. म्हणजे गाव बुडवलेलं पाणी, पंप लावून, वीज जाळून, त्याच मुलखात चढवलं जातं, जिथं गाव बुडालेल्या माणसांना पाठवलं होतं.

“इथली वीज सकाळ-संध्याकाळची,” धरणाच्या भिंतीकडे बघत मामा म्हणाले. “कोळशाचा संच पेटवायला तास न् तास लागतात. कोयना मिनिटांत येते. लोड वाढला, की तिकडनं निरोप आणि इकडं झडप उघडली.”

जून २०२५ अखेर देशाच्या स्थापित वीजक्षमतेचा निम्मा वाटा कोळसा-गॅससारख्या इंधनांवाचूनच्या स्रोतांचा झाला, तोही २०३० च्या उद्दिष्टाच्या पाच वर्षं आधी. मोठी गोष्ट आहे. पण मामांनी आयुष्यभर मीटर वाचलं आहे. ते म्हणतात, मेगावॅट वेगळा आणि युनिट वेगळं. पवनचक्कीच्या पाटीवरचा मेगावॅटचा आकडा कितीही मोठा असो, वारा नसेल तर युनिट शून्य. प्रत्यक्ष युनिटं मोजली तर कोळसा अजून फार पुढं आहे, आणि सूर्य मावळला की तर जास्तच. म्हणूनच सह्याद्रीच्या कड्यावर आता उदंचन प्रकल्पांची रांग लागली आहे: दुपारच्या स्वस्त सौरविजेनं पाणी वर चढवायचं, संध्याकाळी खाली सोडायचं. घाटघरला २५० मेगावॅटचा असा प्रकल्प २००८ पासून आहे. भिवपुरीला १००० आणि शिरवट्याला १८०० मेगावॅटचे ठरले आहेत. त्यांची गरज मला पटते. पण प्रत्येकाला कड्यावर एक आणि पायथ्याला एक तलाव लागणार, आणि तलावाच्या जागी आत्ता काहीतरी आहेच.

पाणी उतरलं होतं. काठावर लाल मातीचे पट्टे, एकाखाली एक. मामांनी उत्तरेकडं बोट केलं. “खूप उतरलं की जुन्या घरांची जोती दिसतात म्हणे. मी कधी गेलो नाही.” कोयनेच्या विस्थापितांची पुनर्वसनाची आंदोलनं धरणाला साठ वर्षं होत आली तरी चालूच होती, तिसरी पिढी धरणं धरून बसली होती. विस्थापितांच्या काही घरांत आजही पुनर्वसनाचा तोच कागद, त्याच पिशवीत आहे.

परतताना मिरगावच्या बाजूनं डोंगर दिसला. हिरवळीत एक लांब, तांबूस ओरखडा. २२ जुलै २०२१ च्या रात्री या तालुक्यात आंबेघर, ढोकावळे, मिरगाव इथं दरडी कोसळल्या. त्याच पावसात महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस पडला आणि चिपळूण बुडालं. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवून दिलं होतं, की १९५० पासून मध्य भारताच्या पट्ट्यात व्यापक अतिवृष्टीच्या घटना तिपटीनं वाढल्या. अरबी समुद्र तापतो आहे, तिथली वाफ अचानक मोठ्या भाराने आत येते. या डोंगरांनी देशाला साठ वर्षं बिनधुराची वीज दिली, आणि धुराची किंमत मात्र यांच्याच अंगावर कोसळली. मी गाडी थांबवली नाही. थांबून काय बघणार होते?

दुपारी ढेबेवाडी खोऱ्यात मान्याचीवाडी. २०२४ मध्ये राज्यातलं पहिलं सौरग्राम जाहीर झालेलं गाव. शंभरेक घरं, छपरांवर पॅनेल, रस्त्यावरचे दिवेही सौर. गाव इतकं स्वच्छ की मामांनी चप्पल आपणहून बाहेर काढली. एका ओसरीवर आजीबाई शेवया वाळवत होत्या. “पाव्हणं, कुठनं आलासा? बसा की.” पाणी आलं, मग चहा.

मामांनी वीजबिल मागितलं. आजींना गंमत वाटली, पण त्यांनी देवघराच्या फळीवरून आणून दिलं. मामांनी चष्मा लावला आणि ते बिल देवाची पोथी वाचावी तसं वाचलं. लायनीवरून घेतलेलं आयात युनिट, छपरावरून दिलेलं निर्यात युनिट, वजा, शिल्लक. बोट प्रत्येक रकान्याखाली. मला चाळकेवाडीचे आजोबा आठवत होते. तिथं वीज डोक्यावरून जाते आणि खाली वाट अडते. कोयनेत तर गावच गेलं. इथं पहिल्यांदा वीज आणि तिचा हिशेब एकाच घरात राहत होते. यासाठी कुणाला उठावं लागलं नव्हतं. छप्पर आधीपासूनच होतं.

“रातीला काय करता?” मामांनी विचारलं. “ऊन नसतं तवा?”

“रातीला लायनीवरनं येती की,” आजी म्हणाल्या. “तुमच्या कोयनेचीच असंल.”

मामांनी बिलाची घडी जशी होती तशी घातली आणि परत दिली. मग गच्चीवर जाऊ का, असं विचारून ते जिन्यानं वर गेले. बराच वेळ आले नाहीत म्हणून मी बघायला गेले, तर खिशातल्या रुमालानं ते एका पॅनेलवरची धूळ पुसत होते. “पुसत जावा म्हणावं, आठवड्यातनं एकदा,” म्हणाले, “युनिट वाढतं.” खाली येऊन त्यांनी ते आजींना दोनदा सांगितलं, आणि आम्ही कराडचा रस्ता धरला.