तुम्ही विचारलंत म्हणून: सी-वन लिहिताना माझ्या मनात काय होतं

स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे जुन्या इमारतींच्या मजबुतीची तपासणी, करतो म्हटलं की ठाण्यात पहिला प्रश्न, "हेतू काय तुमचा?" म्हणजे बिल्डरने किती दिले. एकदाच लिहून टाकतो.

पैसे कोणी दिले नाहीत. पण नौपाड्यातल्या त्या सोसायटीचे सेक्रेटरी जिन्यात म्हणाले होते, "साहेब, सी-वन आलं तर रिडेव्हलपमेंटचं कामही तुम्हालाच." सी-वन हा ऑडिटमधला धोकादायक इमारतीचा शेरा, म्हणजे रिकामी करा आणि पाडा, सी-टू-बी आलं असतं तर लोकं घरात राहूनच दुरुस्ती. मी हो-नाही काहीच बोललो नाही. तळमजल्याच्या कॉलमला जेल लावून यूपीव्हीचे प्रोब दाबले, म्हणजे काँक्रीटमधून ध्वनिलहरी किती वेगाने जातात ते मोजलं, सेकंदाला २.६ किलोमीटर आलं, ३ च्या खाली काँक्रीट खराबच, आणि मला चक्क बरं वाटलं. लोकांची घरं चाललीयत आणि मला बरं वाटतंय! मग कोअर, म्हणजे काँक्रीटचा गोल तुकडा, काढून त्यावर फिनॉल्फ्थॅलिन हे रसायन मारलं, धड काँक्रीट त्याने गुलाबी होतं, हे पार सळईपर्यंत राखाडीच, म्हणजे सळईला गंजापासून वाचवणारं काही उरलेलं नाही. पहिल्या मजल्यावरच्या काकू उभं राहून सगळं बघत होत्या, म्हणाल्या, "संडासाच्या बाजूचेच खांब बरे सापडले रे तुला?"

यावर माझं ठरलेलं उत्तर, आकड्याला हेतू नसतो. खरंच आहे ना! २०१५ च्या ऑगस्टमध्ये नौपाड्यातच जुनी इमारत रात्री कोसळली, १२ माणसं गेली, तिथे ऑडिटरचं मन शुद्ध असून कोणाचं काय भलं झालं असतं?

पण काकू आकड्याबद्दल बोलतच नव्हत्या. प्रोब कुठे लावायचा ते मी ठरवतो. गळती संडासाकडेच असते, कोणीही आधी तिथेच जाईल. कोरड्या बाजूचे कॉलमही घेतले, ३.२ आलं, रिपोर्टमध्ये आहे. पण तिकडे अजून दोन घ्यायचे की ऊन झालं म्हणून पुरे म्हणायचं, शेवटी कशाला किती वजन द्यायचं, हे कोडमध्ये थोडंच लिहिलेलं असतं, आणि ते ठरवताना जिन्यातलं वाक्य डोक्यात नव्हतं असं मला वाटतं. वाटतं, बस. सर्टिफिकेट देणारा मीच आणि घेणारा मीच.

ते काम घेतलं का? घेतलं. नसतं घेतलं तर सळया कमी गंजल्या असत्या का?

काकूंना म्हटलं होतं, दुसऱ्या कोणाकडून तपासून घ्या. म्हणाल्या, "तो तुझ्याच ओळखीचा निघेल." निघालाही असता, ठाण्यात आहोत किती जण आम्ही.