भोसरीचा बोल्ट, युरोपचा कार्बन

जुलै 2024 संपला आणि भोसरीतल्या एका बोल्ट कारखान्याची धावपळ सुरू झाली. युरोपीय संघाचा सीमेवरचा कार्बन कर, म्हणजे सीबॅम, ऑक्टोबर 2023पासून नुसत्या अहवालांच्या टप्प्यात होता. जुलैअखेरपर्यंत ठरवून दिलेले सरासरी आकडे भरून भागत होतं. आता जर्मन गिऱ्हाइकाला खरे आकडे हवे होते, कारण 2026पासूनच्या मालावर त्याला उत्सर्जनाचे पैसे मोजावे लागणार होते. मी एनर्जी ऑडिट करते, म्हणून मला बोलावलं.

गॅसची बिलं आणि उत्पादनाची वही शेजारी ठेवली, तर ताळमेळ बसेना. जळालेल्या गॅसच्या मानाने माल कमी निघत होता. बोल्ट तापवून ताकदीच्या ठरलेल्या दर्जाला, म्हणजे ग्रेडला, आणणाऱ्या भट्टीवरच्या काकांना विचारलं. टेंपरिंग म्हणजे त्यातलं कडक झालेला बोल्ट पुन्हा तापवून चिवट करणं.

"मॅडम, सकाळी 8.8 ग्रेड, दुपारी 10.9, संध्याकाळी परत 8.8. दर वेळी टेंपरिंगचं तापमान बदलायचं. तोवर भट्टीतून माल नेणारा पट्टा रिकामाच फिरतो."

त्यांना हे कधीपासून ठाऊक होतं, कुणी विचारलंच नव्हतं! एका ग्रेडचे लॉट सलग लावायचे, एवढाच उपाय. नवं यंत्र नको, कर्ज नको, आणि त्याच पाळीत माल जास्त. कार्बनला किंमत लावली की धंदा बसतो म्हणणाऱ्यांना मला त्या भट्टीपाशी न्यावंसं वाटतं.

उत्सर्जनाची पूर्ण बेरीज झाल्यावर मात्र कारखान्याचे साहेब गप्प झाले. भट्टीचा वाटा किरकोळ होता. बहुतेक उत्सर्जन विकत घेतलेल्या वायर रॉडमधलं, म्हणजे ज्या जाड पोलादी तारेपासून बोल्ट बनतात तिच्यातलं. ब्लास्ट फर्नेसच्या, म्हणजे कोळशावर खनिजापासून केलेल्या, पोलादाला टनामागे दोन टनांहून अधिक कार्बन डायऑक्साइड, भंगार वितळवून केलेल्याला त्याच्या निम्म्याहूनही कमी.

"मग निदान भट्टी तरी विजेची करू," साहेब म्हणाले. कागदावर ते सोयीचं होतं. पोलादी मालाच्या बाबतीत युरोप तो बनवताना वापरलेल्या विजेच्या उत्सर्जनावर पैसे लावत नाही. पण आपली वीज अजून मुख्यतः कोळशाची. धूर भोसरीऐवजी चंद्रपूरला निघेल, आणि जास्त निघेल. मी तसं स्पष्ट सांगितलं. असली सुधारणा मला मान्य नाही.

शेवटी रॉडवाल्यांना फोन लावले. एक म्हणाला, उत्सर्जनाचा आकडा कुणी मागत नाही. दुसऱ्याकडे भंगारापासूनच्या रॉडच्या उत्सर्जनाचा कागद तयार होता, भाव थोडा चढा. साहेबांनी नमुन्याचं कॉइल मागवलं. भंगाराच्या पोलादात तांबं उरतं, त्यामुळे हेडिंगच्या, म्हणजे बोल्टचं डोकं दाबून घडवण्याच्या, यंत्रावरच्या काकांनी आधीच बजावलं, "पहिले लहान साइज काढू. डोक्याला चीर गेली नाही, तरच मोठे."