तुम्ही विचारलंत म्हणून : "सिस्टर, ऑक्सिजन जरा वाढवा की!"

वॉर्डात हा प्रश्न रोजचाच, पण आता मंडईत भाजी घेताना पण कोणीतरी गाठतंच, की आमच्या आण्णांना एवढा दम लागलेला, मॉनिटरवर रक्तातला ऑक्सिजन (सॅच्युरेशन) ९० टक्के दिसत होता, तरी तुम्ही मिनिटाला दोन लिटरवरच ठेवून का बसलेला? सिलिंडर संपेल म्हणून काय? नाही ओ, भिंतीत पाइपलाइन आहे, त्याचा काय संबंध नाही. सीओपीडीच्या, म्हणजे धुरानं-बिडीनं फुप्फुसं कायमची खराब झालेल्या पेशंटला ९० म्हणजे जिथं पाहिजे तिथंच आहे. त्यांचं टार्गेटच ८८ ते ९२ असतं.

यात तुमचीही काही चूक नाही म्हणा. कोरोनात घरोघरी ऑक्सिमीटर आले आणि ९४ चा आकडा सगळ्यांच्या डोक्यात फिट्ट बसला. न्यूमोनियाला, दम्याच्या अटॅकला आम्ही पण ९४ च्या वरच ठेवायला बघतो. पण वर्षानुवर्षं बिडी ओढलेला माणूस, चुलीपुढं फुंकणी घेऊन आयुष्य काढलेली आजी, शिरोलीच्या फौंड्रीत धूळ-धूर खाल्लेला कामगार, यांच्या फुप्फुसांचा हिशोब वेगळा असतो. अशा फुप्फुसात काही भागात हवा नीट जातच नाही, म्हणून शरीर तिथल्या रक्तवाहिन्या आवळून रक्त चांगल्या भागाकडं पाठवतं. तुम्ही भसाभसा ऑक्सिजन सोडला की त्या आवळलेल्या वाहिन्या सैल पडतात आणि किणी टोलनाक्यावर बंद लेनमध्ये गाड्या वळवल्यासारखं रक्त तिकडं जाऊन अडकतं, कार्बन डायॉक्साइड बाहेर पडत नाही. काहींचा श्वासही मंदावतो. म्हणजे ऑक्सिजनचा आकडा झकास आणि आत विष साठतंय.

मागं एक आजोबा होते, गुऱ्हाळावर चुलवाणात जळण घालायचं काम केलेले. रात्री धाप लागली म्हणून कुणीतरी घरच्यानंच, मी पलीकडच्या बेडला सलाईन लावतेय तोवर, फ्लोमीटरचा, म्हणजे ऑक्सिजन कमीजास्त करायचा नॉब फिरवला. दोनवरची गोळी आठवर. बाटलीत बुडबुडे जोरात यायला लागले की बघणाऱ्याला बरं वाटतं, हे पण एक आहे. मी आले तेव्हा सॅच्युरेशन ९८, आणि सूनबाई खूश, म्हणाल्या, "बघा की सिस्टर, कशी छान झोप लागली मामांस्नी." हात लावला तर अंग गरम, चेहरा लालबुंद, श्वास उथळ. हाक मारली की डोळे उघडायचे, गाव विचारलं की अर्धं सांगून परत गुंगीत. हात पुढं धरायला लावले तर पंजे फडफडत होते. ती झोप नव्हतीच, साठलेल्या कार्बन डायॉक्साइडची गुंगी होती. ऑक्सिजन असा एकदम बंदही करायचा नसतो, ते आणखी धोक्याचं, म्हणून आकड्यावर नजर ठेवत हळूहळू खाली आणला, डॉक्टरांनी मनगटातल्या धमनीतून रक्त घेऊन एबीजी, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजन-कार्बन डायॉक्साइडची तपासणी केली आणि बायपॅप, म्हणजे मास्कमधून दाबानं हवा देऊन श्वासाला मदत करणारं मशीन लावलं. सकाळी आजोबांनी चहा मागितला, तो पण बिनसाखरेचा नको म्हणून भांडून!

हे माझ्या मनचं सांगत नाही. ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियात ॲम्ब्युलन्समध्येच दोन गट करून बघितलं होतं, एका गटाला भरपूर ऑक्सिजन आणि दुसऱ्याला मोजून ८८ ते ९२ राहील एवढाच. २०१० मध्ये निकाल छापून आला, मोजून दिलेल्या गटात मृत्यू निम्म्याहून कमी.

मग सिस्टर करतात काय, नुसत्या फिरतात? तर सगळ्यात जास्त वेळ जातो बघण्यात. मी नाडी धरल्याचं नाटक करून पूर्ण मिनिटभर छाती मोजते, कारण श्वास मोजतेय म्हटलं की माणूस वेगळाच श्वास घेतो. वाक्य पूर्ण बोलता येतंय का, मानेचे स्नायू ओढले जातायत का, बेडक्याचा रंग बदलला का. बोट गार असेल किंवा नेलपॉलिश असेल तर ऑक्सिमीटर काहीही दाखवतो, त्यामुळं आधी बोट चोळायचं, पॉलिश पुसायचं. आणि धाप लागली की नॉबच्या आधी पेशंटला उठवून बसवा, पुढं टेबल आणि त्यावर उशी, कोपर टेकून वाकू दे, तोंडावर पंखा, नाकानं श्वास घेऊन शीळ घालताना करतो तसे ओठ करून सावकाश सोडायला लावा. निम्म्या वेळा एवढ्यानंच माणूस थाऱ्यावर येतो. नाहीच आला आणि आकडा खरंच ८८ च्या खाली चालला तर ऑक्सिजन आम्ही वाढवतोच, तिथं कंजूषपणा करत नाही, कुणाचा ओठ निळा पडताना बघत बसणार आहे होय?

घरी कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन काढून देणारं मशीन) दिला असेल तर दिवसातून किमान १५ तास लावायला सांगतात, रात्रीची झोप धरून, आणि तोही डॉक्टरांनी लिहून दिला तेवढ्याच लिटरवर. सकाळी उठल्यावर डोकं जड, दिवसा नको एवढी पेंग, बोलणं असंबद्ध, असं काही दिसलं तर "औषधानं झोप येतीय" म्हणून सोडून देऊ नका, लगेच घेऊन या. आणि मशीन चालू असताना बिडी, गॅस, देवापुढची निरंजन सगळं लांब. निरंजनीवरून सासवांशी वाद होतात ते मला माहितीय, त्यांना माझं नाव सांगा.