काम झाल्याशिवाय ओटीपी देऊ नका: थंडीआधी सोलर दुरुस्त करून घेतानाचा माझा अनुभव

पाणी तापवायच्या सोलरचं काम ऑक्टोबर हीट संपायच्या आत उरका, हे आधीच सांगून ठेवते. दिवाळीनंतर सगळ्या गावाला एकदमच आपलं पाणी गार येतंय हे कळतं आणि मग फोन कोणी उचलत नाही.

आम्ही नाशिकला राहतो. इथली थंडी मुंबईसारखी चार दिवसांची पाहुणी नाही. निफाडकडे काही वर्षी पारा पाच अंशांच्याही खाली जातो, द्राक्षबागांत रात्री शेकोट्या पेटवाव्या लागतात. बाबा सत्तरीच्या पुढचे आहेत आणि पहाटे उठून अंघोळ करण्याची त्यांची सवय मोडणार नाही. घरात गरम पाणी असणं हा आमच्यासाठी चैनीचा विषय नाही.

बाकीची कामं दसऱ्याच्या साफसफाईतच झाली. गच्चीच्या भेगा भरल्या, पावसात फुगलेल्या खिडक्या सुताराने रंधा मारून नीट बसवल्या, गाद्या-गोधड्यांना ऊन दाखवलं. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

सोलरचं पाणी कोमट येतंय असं आई म्हणत होती. मी दुपारी पाचच्या सुमारास टाकीजवळच्या नळाचं पाणी थर्मामीटरने मोजलं: ४४ अंश. आकाश स्वच्छ, दिवसभर कडक ऊन. आमचा दोनशे लिटरचा, वीस ट्यूबचा (उन्हात पाणी तापवणाऱ्या काचेच्या नळ्यांचा) सोलर अशा दिवशी साठीच्या आसपास पाणी द्यायचा. ऑक्टोबरात ही गत, तर डिसेंबरात काय होणार?

कंपनीच्या टोल फ्री नंबरवर तक्रार नोंदवली. लगेच मेसेज आला, त्यात तक्रार क्रमांक आणि एक ओटीपी. दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात असताना घरी फोन आला. ‘काकू, व्हिजिट कन्फर्म करायचीय, मेसेजमधला नंबर सांगा.’ मेसेज आईच्याच मोबाइलवर होता, तिने सांगितला. संध्याकाळी दुसरा मेसेज: आपली तक्रार यशस्वीरीत्या सोडवली आहे, धन्यवाद. घरी कोणी आलं नव्हतं. गच्चीची किल्लीसुद्धा खुंटीवरच होती.

मी पुन्हा फोन केला. पलीकडची मुलगी शांतपणे म्हणाली, ‘मॅडम, सिस्टिममध्ये तुमची तक्रार क्लोज दिसतेय. याच कारणासाठी महिनाभर नवीन तक्रार घेता येत नाही.’ म्हटलं, माणूस आलाच नाही तर तक्रार सुटली कशी? ‘कस्टमरने ओटीपी दिलाय ना मॅडम.’ वरिष्ठांशी बोलायचंय म्हटल्यावर फोन होल्डवर, आणि थोड्या वेळाने बंद.

मग शहरातल्या त्यांच्या सर्व्हिस सेंटरला गेले. तिथे म्हणाले, ज्या डीलरकडून घेतलाय त्याच्याकडे जा. डीलर म्हणाला, विक्री आमची, सर्व्हिस कंपनीची, टोल फ्रीवर सांगा. पुन्हा सेंटरला गेले तेव्हा काउंटरवरच्या माणसाने वॉरंटी कार्डाच्या मागचं कलम दाखवलं: जड पाण्यामुळे झालेला बिघाड वॉरंटीत बसत नाही. मी ते कलम त्याच्यासमोर मोठ्याने वाचलं आणि म्हटलं, ‘दादा, मी फुकट काही मागत नाहीये. पैसे देऊन सफाई करून घ्यायचीय. तारीख द्या.’ तारीख मिळाली नाही. ‘थंडीत सोलरचं असंच होतं,’ एवढं उत्तर मिळालं. बाहेर चौतीस अंश ऊन होतं. त्या वाक्याची चीड मला अजून येते. ज्या वस्तूची खरी गरज थंडीत असते, ती थंडीत चालत नाही असं विकणाऱ्यांनीच सांगायचं?

शेवटी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, फोन लावला. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाची ही सेवा आहे, मराठीतही बोलता येतं. त्यांनी बिलाची तारीख, कंपनीचा तक्रार क्रमांक आणि ओटीपी कसा घेतला गेला हे नीट लिहून घेतलं, डॉकेट नंबर, म्हणजे त्यांच्याकडचा नोंद क्रमांक, दिला आणि प्रकरण कंपनीकडे पाठवलं. हे कोर्ट नव्हे, निकाल देत नाहीत. पण इतके दिवस ज्यांना माझा आवाज पोहोचत नव्हता, त्या कंपनीच्या विभागीय कार्यालयातून स्वतःहून फोन आला आणि तंत्रज्ञाची वेळ ठरली. त्या दिवशी मला खरंच जिंकल्यासारखं वाटलं. आता शेजारीपाजारी कोणाची अशी अडचण निघाली की मी तो नंबर देते. मेसेज, कॉलची वेळ, बोलणाऱ्याचं नाव हे सगळं वहीत लिहून ठेवलं होतं, त्याचा फार उपयोग झाला.

आलेला मुलगा कामाला चोख होता. ओटीपीचं विचारल्यावर त्याने सरळ सांगितलं की तक्रार ठरलेल्या वेळेत बंद केली नाही तर पैसे कापतात, आणि सीझनला एकेकाच्या अंगावर झेपणार नाहीत इतक्या तक्रारी टाकतात. म्हणजे खोटं बोलायची पाळी त्या पोरांवर आणणारे वर बसलेत. माझा राग त्याच्यावर राहिला नाही.

ट्यूब उपसल्या तर तळाशी पांढऱ्या क्षाराचे खडे, मूठभर तर एकेका ट्यूबमध्ये. आमच्याकडे महापालिकेचं गंगापूर धरणाचं पाणी येतं, पण उन्हाळ्यात कमी पडलं की बोअरचं मिसळतो, त्याचा हा प्रताप. टाकीतल्या मॅग्नेशियमच्या रॉडची तार तेवढी उरली होती. हा रॉड टाकीऐवजी स्वतः झिजतो, म्हणून तो वेळेवर बदलला तर टाकी गंजत नाही. सर्व्हिसवाल्याला रॉडचं मुद्दाम विचारा, आपणहून कोणी काढून बघत नाही.

दोन ट्यूब मेल्या होत्या. ही तपासणी आपली आपल्यालाही करता येते: ट्यूबच्या खालच्या टोकाला चंदेरी चकाकी असते, ती पांढरी पडली की आतली निर्वात पोकळी गेली समजायचं. अशी ट्यूब उन्हात बाहेरून हाताला गरम लागते, चांगली लागत नाही.

आणखी एक गोष्ट त्याच्यामुळे कळली. दक्षिणेकडच्या शेजारच्या काकांनी उन्हाळ्यात गच्चीवर उंच स्टँडवर पाण्याची नवी टाकी बसवली. मे-जूनमध्ये नाशिकला सूर्य दुपारी जवळजवळ डोक्यावर असतो, तेव्हा तिची सावली आमच्याकडे पोहोचतच नव्हती. डिसेंबरच्या बावीस तारखेच्या सुमारास मात्र भर दुपारीही सावली वस्तूच्या उंचीएवढी पडते, सकाळी त्याहून लांब. ऑक्टोबरातच सकाळी पाच-सहा ट्यूब सावलीत जात होत्या. आमच्या सोलरची टाकी सफाईसाठी रिकामी होतीच, म्हणून आमचा स्टँड तीन फूट उत्तरेला सरकवून घेतला. पाइपचे पैसे वेगळे पडले, पण ते देताना मला जड वाटलं नाही. आता त्याच वेळेला मोजलं की ५८-५९ अंश येतात.

टाकीपासून न्हाणीघरापर्यंतच्या पाइपवर काळा फोम चढवून घ्या. नुसता फोम उन्हाने दोन वर्षांत भुगा होतो, वरून टेप गुंडाळायला लावा.

सोलर बंद असताना कोणी गॅस गीझर सुचवलाच, तर तो बंद न्हाणीघरात अजिबात बसवू नका. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस बेशुद्ध पडेपर्यंत कळत नाही. थंडी वाजते म्हणून खिडकी लावून अंघोळ करणारे जीव गमावतात. आम्ही ते दिवस गॅसवर पातेल्यात पाणी तापवून काढले.

आणि ट्यूब धुतल्यावर पाणी भरायचं ते भल्या पहाटे किंवा सूर्य मावळल्यावर. उन्हात रिकाम्या राहिलेल्या ट्यूब प्रचंड तापतात, त्यात गार पाणी सोडलं की काच तडकते. आमच्याकडे तो मुलगा संध्याकाळी साडेसहापर्यंत थांबला, मगच त्याने वॉल्व्ह उघडला. पाणी भरून, एकही जोड गळत नाही हे पाहून मी त्याला या वेळचा नवा ओटीपी सांगितला.