सावली आधी लातूरला गेली

पुण्यात मेच्या 13-14 तारखेला शून्य सावली असते, म्हणजे भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली नाहीशी होते, त्याच सुमारास आमच्या उन्हाळी शिबिरात खगोलाचा तास माझ्याकडे होता. खमध्य, क्रांती, याम्योत्तर वृत्त, सगळ्या व्याख्या पोरांना तोंडपाठ, पण खमध्य कुठंय दाखव म्हटलं की प्रत्येकाचा हात वेगळीकडे.

मैदानात मीटरभर उंचीचा पाइप रोवला. शेजारी शाळेचं बांधकाम चालू होतं, तिथले मिस्त्रीमामा बघत उभे होते, म्हणाले मॅडम हा पाइप तिरका हाय, आणि ओळंबा घेऊन आले. म्हटलं, दोरी खाली जाते ती सरळ वर नेली की जिथे लागेल ते खमध्य! एवढ्या एका वाक्यात काम झालं, पोरं माना वर करून बघायला लागली (सूर्याकडे नाही रे, ओरडावं लागलं).

मग मामांनी विचारलं, आमच्या लातूरला पण आजच का? म्हटलं अक्षांश जवळपास सारखाच, 18.4 आणि 18.5, आणि सूर्याची क्रांती (तो विषुववृत्ताच्या किती अंश उत्तरेला-दक्षिणेला आहे ते) अक्षांशाएवढी झाली की तो डोक्यावर येतो, म्हणजे हो, आजच. त्यांनी लगेच घरी व्हिडिओ कॉल लावला आणि मुलाला अंगणात बाटली उभी करायला सांगितलं. 12.20 झाले असतील, पोरगा तिकडून ओरडला, "पप्पा सावली गेली!" आमच्या पाइपची अजून दोन बोटं तरी शिल्लक होती. आमची पोरं म्हणे, मॅडम आपलं चुकलं!

चुकलं कसलं, लातूर पुण्याच्या पूर्वेला पावणेतीन अंश, अंशाला 4 मिनिटं, म्हणजे याम्योत्तर वृत्तावर (डोक्यावरून जाणाऱ्या उत्तर-दक्षिण रेषेवर) सूर्य तिकडे 11 मिनिटं आधी येणार. घड्याळं मात्र दोन्हीकडे एकच, भारतीय प्रमाणवेळेची, म्हणजे 82.5 अंश रेखांशाची. 12.31 ला आमचीही सावली बुडाशी गोळा झाली आणि असा काही कल्ला झाला की ऑफिसमधनं शिपाई धावत आला.

नंतर प्रश्नच प्रश्न. नाशिकला कधी, तर 20-21 मे. नागपूरला 26 च्या आसपास. आपल्याकडे परत कधी दिसेल, तर जुलैच्या शेवटी, ढगांनी दिसू दिलं तर. दिल्लीचं विचारलं तेव्हा मी तोंड उघडायच्या आत मागच्या रांगेतली एक मुलगी, जी आठवडाभर एक शब्द बोलली नव्हती, म्हणाली, "तिथे कधीच नाही. अक्षांश 28 च्या वर आहे, सूर्याची क्रांती साडेतेवीसलाच थांबते."